सवय नाही झाली, दमलंय ते

वाचकाचं पत्र:

"सिस्टर, मी निफाडजवळच्या गावातली. एकतिसाव्या आठवड्यात सिझेरियन झालं. मुलगा आहे, जन्माचं वजन १४०० ग्रॅम. आज वीस दिवस झाले, तो नाशिकला एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात आहे आणि मी पंचवटीत नणंदेकडे राहून दूध पोचवायला फेऱ्या मारते. पहिल्या आठवड्यात टाचेला टोचलं की रडायचा. आता नुसतं तोंड वाकडं करतो आणि गप्प पडतो. सासूबाई म्हणतात, सवय झाली, बरंच झालं. तिथल्या सिस्टर टोचायच्या आधी त्याच्या जिभेवर गोड पाण्याचे थेंब टाकतात. ते ऐकून सासूबाईंनी मधाची बाटली आणून ठेवली आहे. टोचायच्या वेळी मला बाहेर जायला सांगतात. पुढच्या आठवड्यात डोळ्यांची तपासणी आहे. शेजारच्या बाळाची झाली तेव्हा त्याचा आवाज बाहेर बाकड्यापर्यंत येत होता. ही तपासणी टाळता येईल का? आणि मी नुसती बाहेर बसून काय करू?"

ताई,

तुमच्या पत्रात बरंच काही आहे, पण मी अडकले ती सासूबाईंच्या एका शब्दावर. सवय. मोठ्या माणसाला सुईची सवय होते हे खरं. साखरेचा आजार असलेली माणसं रोज आपल्या हाताने इन्सुलिन टोचून घेतात. पण सुई कशासाठी आहे आणि ती कधी बाहेर निघणार, हे त्यांना माहीत असतं. तुमच्या लेकाला यातलं काहीच माहीत नाही.

१९८९ मध्ये इंग्लंडमधल्या संशोधकांनी अपुऱ्या दिवसांच्या बाळांचे पाय तपासले. ज्या टाचेतून वारंवार रक्त काढलं जात होतं ती एक, आणि न टोचलेली दुसरी. दोन्हीकडे बारीक तंतू टेकवून पाहिलं, की किती हलक्या स्पर्शाला बाळ पाय ओढून घेतं. टोचलेल्या बाजूचा पाय जास्त हलक्या स्पर्शाला आखडत होता. घट्टे पडण्याऐवजी टाच हळवी झाली होती. डायपर बदलताना तुम्ही नुसता पाय धरला तरी तो दचकून आखडून घेतो का, जरा बघा. घेत असेल तर तो हट्टी नाही, ती टाच दुखरी आहे.

मग रडत का नाही? रडायलाही जोर लागतो, ताई. छाती भरून श्वास घ्यायचा, पोटाचे स्नायू आवळायचे, तो श्वास आवाजात काढायचा. चौदाशे-पंधराशे ग्रॅमच्या जिवाला एवढी मेहनत रोज झेपत नाही. आधीच्या तासात त्याचं वजन झालेलं असतं, डायपर बदललेला असतो, नाकातली नळी पुन्हा बसवलेली असते. टोचायची वेळ येईपर्यंत त्याचं बळ संपलेलं असतं. अशी बाळं अंग सैल सोडून देतात, नजर कुठेतरी लावून पडून राहतात. बघणाऱ्याला वाटतं, शहाणं बाळ आहे, त्रास देत नाही. एनआयसीयूत मला सगळ्यात जास्त धास्ती वाटायची ती या शहाण्या बाळांची.

आता माझी एक गोष्ट सांगते, म्हणजे सासूबाईंवर राग धरणार नाही तुम्ही. १९८६ मध्ये मी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होते. कुठल्या गावी ते राहू दे. चार दिवसांच्या बाळाच्या पाठीतलं पाणी तपासणीसाठी काढायचं होतं आणि त्याला वाकवून धरायचं काम माझ्याकडे आलं. मी विचारलं, याला काही देणार नाही का? उत्तर मिळालं, "एवढ्याशा बाळाच्या नसा अजून तयार नसतात. त्याला कळत नाही." सुई आत गेली तेव्हा बाळाचा एक हात माझ्या मनगटाला टेकलेला होता. त्याची पाचही बोटं पंख्यासारखी फाकली आणि तशीच ताठ राहिली, सुई बाहेर येईपर्यंत. मी स्वतःला सांगितलं की ही नुसती प्रतिक्षिप्त क्रिया आहे, पुस्तकात तसंच आहे. बोटं अशी फाकणं हे वेदनेचं लक्षण मानतात, हे मला पुढे कितीतरी वर्षांनी कळलं.

तेव्हा शिकलेसवरलेले लोकही तेच मानत होते. परदेशातही कित्येक ठिकाणी नवजात बाळांची ऑपरेशनं जेमतेम भुलीवर व्हायची. बाळ हलू नये म्हणून स्नायू ढिले करायचं औषध द्यायचं, वेदनेवर मात्र फार काही नाही. कनवलजीत सिंग आनंद हे इंदूरला शिकलेले आणि पुढे ऑक्सफर्डला गेलेले डॉक्टर. हृदयाजवळच्या एका रक्तवाहिनीचं ऑपरेशन लागणाऱ्या अपुऱ्या दिवसांच्या बाळांचे त्यांनी दोन गट केले आणि एका गटाला भुलीबरोबर फेंटानिल हे वेदनाशामकही दिलं. १९८७ मध्ये निष्कर्ष छापून आले. ज्यांना फेंटानिल मिळालं त्यांच्या रक्तात ताणाची संप्रेरकं कमी वाढली होती आणि ऑपरेशननंतरची गुंतागुंतही कमी झाली होती. मी ते बाळ धरलं त्याच्या दुसऱ्याच वर्षी हे छापून आलं. आमच्या वॉर्डापर्यंत यायला मात्र बराच काळ गेला. तेव्हा सासूबाईंना दोष देऊ नका. त्या जे बोलतात ते एकेकाळी डॉक्टरच बोलत होते.

आता रडण्यावर भरवसा ठेवायचा नाही, तर ठेवायचा कशावर? चेहऱ्यावर. नर्सेस वापरतात त्यातली निप्स ही सोपी मोजपट्टी, १९९३ मध्ये कॅनडात तयार झालेली. चेहरा, रडणं, श्वास, हात, पाय आणि बाळ शांत आहे की अस्वस्थ, या सहा गोष्टी बघायच्या. रडण्याला ० ते २ गुण, बाकी प्रत्येकाला ० किंवा १. एकूण ७. बेरीज तीनच्या वर गेली की हात बांधून उभं राहायचं नाही, काहीतरी करायचं. व्हेंटिलेटरवरच्या बाळाच्या घशात नळी असते, त्यामुळे त्याचा आवाज फुटूच शकत नाही. त्याचं तोंड रडतं, कानाला काही येत नाही. या मोजपट्टीत त्या मुक्या रडण्यालाही गुण आहेत.

तुमच्या बाळासारख्यांसाठी दुसरी एक मोजपट्टी जास्त बारकाईची आहे, पिप. तिच्यात टोचण्याआधी १५ सेकंद बाळाला नुसतं बघायचं आणि टोचल्यावर पुढचे ३० सेकंद. हृदयाचे ठोके किती वाढले, ऑक्सिजन किती उतरला, भुवया किती वेळ फुगल्या, डोळे किती वेळ गच्च मिटले, नाकपुडीपासून ओठाच्या कोपऱ्यापर्यंतची घडी किती वेळ राहिली. मला या मोजपट्टीतली सगळ्यात आवडती गोष्ट म्हणजे बाळ जितकं कमी दिवसांचं, तितके त्याला वरचे गुण मिळतात. २८ आठवड्यांच्या आत जन्मलेलं असेल तर ३, त्यानंतर ३२ आठवडे पुरे होण्याआधी जन्मलेलं असेल तर २. झोपेत असलं तरी वरचे गुण. ज्याच्यात दाखवायची ताकद नाही त्याचं न दाखवणंही हिशेबात धरलेलं आहे.

(हा तक्ता कित्येक ठिकाणी फाइलला असतो आणि ड्युटी संपताना आठ तासांचा एकदम भरला जातो. मीही भरलाय. एका सिस्टरकडे सहा-सात बाळं असली की असंच होतं. पण म्हणूनच आईचे डोळे हवेत.)

ते चेहऱ्याचं तुम्हीही शिकून घ्या. सुईच हवी असं नाही, चिकटपट्टी काढतानाही दिसतं. दोन भुवयांच्या मधला भाग वर फुगतो आणि खाली ओढला जातो. डोळे नुसते मिटत नाहीत, आत दाबले जातात, पापण्यांना सुरकुत्या पडतात. नाकाच्या दोन्ही बाजूंना घळ पडते. ओठ उघडतात आणि आत जीभ ताणून मध्ये खोलगट होते, पन्हाळीसारखी. भुकेच्या रडण्यात हे सगळं एकदम येत नाही. भुकेलं बाळ आधी तोंड इकडेतिकडे फिरवतं, मूठ चोखतं, मग सूर लावतं. दुखणाऱ्याचा चेहरा आधी आवळतो, आवाज आला तर मागून. तुम्ही लिहिलंय "नुसतं तोंड वाकडं करतो." ताई, त्या वाकड्या तोंडातच त्याने सगळं सांगितलेलं असतं.

आता गोड पाणी आणि मध. सिस्टर टाकतात ते साखरेचं ठरलेल्या प्रमाणातलं द्रावण असतं, २४ टक्के सुक्रोज. काही ठिकाणी २५ टक्के डेक्स्ट्रोज वापरतात. टोचायच्या दोनेक मिनिटं आधी जिभेच्या टोकाशी मोजके थेंब. गोडाची चव जिभेला लागली की बाळाचं शरीर स्वतःच वेदना दाबणारी रसायनं सोडतं असं मानतात. यातली गंमत अशी, की हेच द्रावण नळीतून थेट पोटात सोडलं तर उपयोग होत नाही. चवच लागते. परिणाम काही मिनिटांपुरता, त्यामुळे काम लांबलं तर पुन्हा थेंब द्यावे लागतात. सोबत चोखायला काही मिळालं तर आणखी बरं.

पण ते औषध म्हणून मोजून द्यायचं असतं, भूक भागवायला नाही. शिवाय साखरेने काम झालं असं समजून निर्धास्त व्हावं या मताची मी नाही. २०१० मध्ये लंडनमध्ये बाळांच्या मेंदूतल्या लहरी मोजून पाहिल्या, तेव्हा सुक्रोज दिलेल्या बाळांचे चेहरे कमी आवळले, पण मेंदूत उमटलेली टोचण्याची खूण काही कमी झाली नाही. यावर तज्ज्ञांचे वाद चालू आहेत. मी एवढाच अर्थ घेते, की साखर द्यावी, पण एकटी देऊ नये.

मधाची बाटली मात्र आजच गावी परत पाठवा. मधात एका जिवाणूचे बीजाणू असू शकतात. तुमच्या-माझ्या आतड्यात ते काही करत नाहीत, एक वर्षाच्या आतल्या बाळाच्या आतड्यात ते रुजतात आणि विष तयार करतात. बाळ लुळं पडतं, चोखणं सोडतं, श्वासही अडकू शकतो. घरचा असो, जंगलातला असो की ब्रँडचा, चाटवायचा नाही. घरी गेल्यावर बाळगुटीचा आग्रह होईल, तिलाही हेच उत्तर. सासूबाईंना सांगताना "सिस्टरने लिहून दिलंय" म्हणा. घरात भांडण नको, माझ्या नावावर खपवा.

मधापेक्षा कितीतरी भारी वस्तू तुमच्यापाशी आहे, आणि नेमक्या त्या वेळी तुम्हाला बाहेर काढतात. मला हे खटकतं. सिस्टरची बाजूही सांगते: हात थरथरणारी, रडणारी आई शेजारी असली की टोचणाऱ्याचा हातही चुकतो, आणि हात चुकला की दुसऱ्यांदा टोचावं लागतं. म्हणून सरसकट सगळ्यांना बाहेर. तुम्ही रडणार नाही अशी खात्री त्यांना पटली तर गोष्ट वेगळी.

तर असं करा. इनचार्ज सिस्टरना भेटा, पण ड्युटी बदलायच्या वेळी नको, तेव्हा कुणाला वेळ नसतो. दुपारी जेवणं झाल्यावर जा आणि एवढंच विचारा, "याचं रक्त उद्या किती वाजता घेणार? मी त्याआधी पंधरा मिनिटं याला कांगारू देऊन बसू का, आणि माझ्या छातीवर असतानाच टाचेला टोचाल का?" बाळ स्थिर असेल तर हे होऊ शकतं. आईच्या उघड्या छातीवर बाळ उभं, कातडीला कातडी, वरून कापड, टाच तेवढी बाहेर. अशा अवस्थेत टोचलं तर बाळं कमी आक्रसतात आणि ठोके लवकर जागेवर येतात. ही पद्धत १९७८ मध्ये कोलंबियातल्या बोगोटा शहरात सुरू झाली, इनक्युबेटर पुरत नव्हते म्हणून. आता जागतिक आरोग्य संघटना सांगते की कमी दिवसांच्या आणि कमी वजनाच्या बाळांना दिवसाचे ८ ते २४ तास, जमेल तितकं कांगारू द्या. सुरगाणा-पेठकडच्या बायका मी पाहिल्यात, एकदा बाळ छातीशी घेतलं की तीन-तीन तास हलायच्या नाहीत, ना मोबाइल ना गप्पा. शहरातल्या आयांना पंधराव्या मिनिटाला पाठ दुखायची. तुम्ही टाके सांभाळून मागे उशी घेऊन बसा.

छातीवर घ्यायची परवानगी नाहीच मिळाली तर मुटकुळं करून धरायला मागा. एक तळवा डोक्यावर, दुसऱ्याने दोन्ही पाय गुडघ्यात मुडपून पोटाशी, हात तोंडाजवळ. पोटात होता तसा. कुरवाळायचं नाही, थोपटायचं नाही. या वयात बोटं फिरवलेली त्यांना सोसत नाहीत, त्याने ती आणखी बिथरतात. हात नुसता ठेवायचा, ऊबदार आणि स्थिर, आणि टोचून झाल्यावर लगेच काढायचा नाही. ठोके खाली येईपर्यंत तसाच. आत जाताना बांगड्या, अंगठी, मनगटावरचा दोरा काढून कोपरापर्यंत हात धुवा. हे न सांगता केलंत तर सिस्टर तुम्हाला निम्मं ओळखून घेईल.

अजून तो नीट ओढत नसेल, चोखणं-गिळणं-श्वास यांचा मेळ साधारण ३४ आठवड्यांच्या सुमारास बसायला लागतो. पण तुम्ही काढून नेता त्यातल्याच दुधाचे थेंब जिभेवर चालतात का, विचारून ठेवा. पुढे तो अंगावर पिऊ लागला की टोचताना अंगावर घेण्यासारखा दुसरा उपाय नाही. दीड महिन्याच्या लसीला आरोग्य केंद्रात जाल तेव्हाही हेच करा. पदराआड घ्या, ओढायला लागू दे, मग सिस्टरला मांडी दाखवा.

आणखी दोन गोष्टी विचारायच्या, भांडणाच्या सुरात नाही. एक, शुगर, काविळीचं, सीबीसीचं रक्त एकाच वेळी घेता येईल का. पॅरिस आणि आसपासच्या एनआयसीयूंमध्ये ४३० बाळांची नोंद ठेवली होती, २००८ मध्ये छापून आली. एका बाळाच्या वाट्याला दिवसाला दहाच्या आसपास दुखणाऱ्या गोष्टी येत होत्या आणि बहुतेक वेळा त्यासाठी खास काही दिलं जात नव्हतं. पॅरिसची ही गत, म्हणून आपल्याकडच्यांना एकट्यांना धारेवर धरू नका. दोन, रक्त जास्त लागणार असेल तर टाच पिळण्याऐवजी शिरेतून घेता येईल का. सराईत हाताने शिरेतून घेतलेलं बाळाला कमी दुखतं. आणि टाचेतूनच घ्यायचं तर कडेने, मधोमध नाही.

औषधाचं विचारलं नाहीत, पण विचाराल म्हणून सांगते. टाचेच्या टोचणीवर पॅरासिटामॉलचा उपयोग होत नाही. फेंटानिल, मॉर्फिन ऑपरेशनसाठी किंवा तशाच मोठ्या त्रासासाठी, कारण त्यांनी श्वास मंदावतो.

आता डोळे. तपासणी टाळता येईल का? नाही. तुमच्या पत्रातल्या सगळ्या प्रश्नांत एवढ्याच एका प्रश्नाला मी एका शब्दात उत्तर देते. अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या डोळ्यातला मागचा पडदा पूर्ण तयार झालेला नसतो, तिथल्या रक्तवाहिन्या वाकड्यातिकड्या वाढू शकतात आणि पडदा ओढून सुटू शकतो. वरून काहीही दिसत नाही. वेळेत सापडलं तर लेसरने किंवा इंजेक्शनने नजर वाचवता येते, उशीर झाला तर कायमचं अंधत्व. म्हणून आपल्याकडे ३४ आठवड्यांच्या आत जन्मलेल्या किंवा २००० ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या बाळाची पहिली तपासणी तिसाव्या दिवसाच्या आत करतात. तुमचा दोन्हीत बसतो. विसावा दिवस आहे, पुढच्या आठवड्यात म्हणजे बरोबर वेळेवर.

दुखते का? दुखते. पापण्या उघड्या ठेवायला बारीक चिमटा लावतात, डोक्यावरच्या दिव्याचा झोत डोळ्यात येतो, बुबुळ फिरवायला बारीक दांडीने दाबतात. शेजारच्या बाळाचा आवाज तुम्ही ऐकलात तो खोटा नव्हता. पण पाच गोष्टी केल्या तर त्रास उतरतो: चिमट्याआधी डोळा बधिर करणारा थेंब, गोड द्रावण, चोखायला काहीतरी, अंग दुपट्यात घट्ट गुंडाळलेलं आणि डोकं धरायला स्थिर हात. आदल्या दिवशी सिस्टरना या पाचांबद्दल विचारा. उलटी होऊ नये म्हणून तपासणीच्या आधी थोडा वेळ दूध थांबवतात, तेव्हा त्या दिवशीची फेरी त्यांना विचारून ठरवा. तपासणी चालू असताना बाहेर थांबावं लागलं तर थांबा, पण "संपल्या संपल्या मला आत घ्या, मी कांगारू देते" हे आधी ठरवून ठेवा. त्यानंतर एखादा दिवस अशी बाळं श्वास विसरू शकतात, त्यामुळे मॉनिटर जास्त वाजला तर घाबरू नका, सिस्टरचं तिकडेच लक्ष असतं. आणि एकदा तपासलं की सुटलो असं नाही. पडद्यावरच्या रक्तवाहिन्या पूर्ण होईपर्यंत आठवड्या-दोन आठवड्यांनी पुन्हा बोलावतील. घरी सोडल्यावर निफाडहून यायचा कंटाळा होतो आणि तारीख हुकते. फाइलवरची तारीख नवऱ्याच्या मोबाइलमध्ये टाकून ठेवा.

एक सुती रुमाल दोन रात्री छातीशी ठेवून झोपा आणि परवानगी असेल तर तो त्याच्या उशाशी ठेवायला द्या. तुम्ही बाहेर असाल तेव्हा निदान वास आत असेल.

वजन १८०० झालं की कळवा. आणि निफाडला नेताना टोपी-मोजे दोन जोड ठेवा, तिकडची थंडी मला माहीत आहे.